चुकांची वही

१

ही गोष्ट २०२४ सालची. त्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुपारआळीच्या सरकारी मराठी शाळेचा निकाल आला आणि शाळा तालुक्यात शेवटची ठरली.

सुपारआळी म्हणजे नंदाखाल गावाच्या पलीकडे केळीच्या वाड्यांत दडलेली एक आळी. शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार इयत्तांत मिळून एकतीस मुलं. जुलैत शासनाने तिसरीच्या मुलांची वर्षारंभीची चाचणी घेतली होती. तिसरीत नऊ मुलं. त्यांतल्या आठांना साधी वजाबाकीसुद्धा येत नाही, असं निकालपत्रक सांगत होतं. शाळेला 'ड' श्रेणी मिळाली. 'ड' श्रेणीची शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची, असं ऑगस्टमध्ये निघालेलं नवं परिपत्रक होतं. मोठी शाळा अडीच किलोमीटरवर, डंपर धावतात त्या रस्त्याच्या पलीकडे. सुनावणी तेवीस तारखेला, सोमवारी.

हे पत्रक मुख्याध्यापक आत्माराम चुरी यांनी क्लेमेंटीनबाईंच्या ओटीवर आणून ठेवलं, तेव्हा बाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. वय चौऱ्याहत्तर. याच शाळेत सतरा वर्षं शिक्षिका, मग पंधरा शाळांच्या केंद्रप्रमुख. निवृत्तीनंतरही दर शनिवारी सुपारआळीत जाऊन मुलांकडून गणितं करून घ्यायचा त्यांचा नेम होता.

बाईंनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "प्रीतलला वजाबाकी येत नाही? जॉयलला येत नाही? चुरीसर, गेल्या शनिवारी प्रीतलने मला बाजाराचा हिशेब तोंडी करून दाखवला."

"छापून आलंय बाई. आता आपण काय करणार?"

"उत्तरपत्रिका बघणार," बाई म्हणाल्या आणि शेंगांची परडी बाजूला सारली.

तालुक्याच्या कार्यालयात विस्तार अधिकारी शत्रुघ्न ढाकणे यांनी जुन्या केंद्रप्रमुख म्हणून बाईंचा मान ठेवला. नऊ उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या. "बगा बाई. पण इथंच बगायचं, न्यायचं न्हाई."

बाईंनी पहिली पत्रिका खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. कागदावर पेन्सिलीच्या जुन्या रेघा पुसट दिसत होत्या. बावन्न वजा सत्तावीस या उदाहरणाखाली आधी पंचवीस लिहिलेलं होतं. ते खोडून वर पस्तीस लिहिलं होतं. दुसऱ्या पत्रिकेतही अशीच खाडाखोड. तिसरीतही.

मुलांची उत्तरं बरोबर होती. कुणीतरी बसून, रबर घेऊन, ती चुकवली होती.

२

पास करण्यासाठी केलेल्या लबाड्या बाईंनी आयुष्यात ढिगाने पाहिल्या होत्या. फळ्यावर उत्तरं लिहिणारे गुरुजी पाहिले होते, हुशार भावाला धाकट्याच्या जागी बसवणारे बापही. पण मुलं नापास व्हावीत म्हणून राबलेला हात त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपून ठेवली. खाडाखोड आठ पत्रिकांत होती. नववी पत्रिका स्वच्छ. ती हार्दिकची, वीसपैकी अठरा गुण. हा मुलगा याच जूनमध्ये आचोळ्याहून इथे राहायला आला होता. त्यालाच तेवढं का सोडलं?

उदाहरणं आणि उत्तरं बाईंनी पिशवीतल्या कागदावर उतरवून घेतली. ढाकण्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्या. चुरीसर तिसरी-चौथीच्या वर्गात होते. पहिली-दुसरीच्या खोलीत बाईंची जुनी विद्यार्थिनी प्रिसिला रुमाव नेहमीसारखी पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मोठ्या खुर्चीवर बसून शिकवणं तिला कधी जमलंच नाही. बाईंना पाहून ती हसली आणि परत मुलांकडे वळली.

"चुरीसर, चाचणी शुक्रवारी झाली. गठ्ठा केंद्रावर कधी गेला?"

"सोमवारी. मधले दोन दिवस माझ्या कपाटात होता. कुलपात."

"चावी?"

चुरीसरांनी खिशाला हात लावला. मग नजर खाली घातली. "दुसरी स्वयंपाकाच्या शेडमध्ये खिळ्यावर असते. खिचडीचं मसाल्याचं सामान पण त्याच कपाटात ना, बाई."

"म्हणजे कुलूप आहे आणि नाही."

"माझी दीड वर्षं राहिलीयत," चुरीसर हळूच म्हणाले. "मी इथे येऊन चौदा महिने झाले. मला पोरांची नावं आता कुठे पाठ झाली. मला यात ओढू नका."

शेडमध्ये कार्मिन डाळ ढवळत होती. अर्नाळ्याची, नवऱ्याची होडी गेल्यापासून शाळेत खिचडी करायला लागलेली. तिने बाईंना पाट दिला.

"त्या शनिवारी दुपारी शाळेत कोण होतं, कार्मिन?"

"मना काय ठावं? साडेअकराला शाला सुटली. चुरीसर लवकर गेले, त्यांच्या दाताचं दुखनं. मी भांडी घासून घरा गेले. सोमवारी झाडू मारला तं रबराचा भुगा, बाई! मूठभर. खिडकीखाली, त्या बारक्या बाकापाशी. म्हटलं, पोरांनी रबर खाल्लं का काय!"

"आणि चावी?"

"चावी खिळ्यावरच. पन उलटी टांगलेली." कार्मिनने डाव हवेत धरला. "आनि बाई, शनिवारी मी जाताना आलोशियस कुंपनापाशी उभा होता. शालेची जमीन पावलांनी मोजीत."

३

आलोशियस तुस्कानो शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. शाळेला लागून त्याची केळीची वाडी. शाळेची अकरा गुंठे जागा त्याच्या आजोबांनी दिलेली, आणि दानपत्रात एक अट होती: शाळा बंद झाली तर जागा परत तुस्कानो घराण्याकडे. ती अट गावात सगळ्यांना माहीत होती. नवा रस्ता झाल्यापासून त्या अकरा गुंठ्यांवर किती जणांचा डोळा आहे, हेही.

"यावं बाई," आलोशियस आपल्या ओटीवरून म्हणाला. "चौथीत दोनदा बसवलंत मला. आता काय तिसऱ्यांदा बसवायला आलात?"

"तू जमीन कशाला मोजत होतास?"

"सापडलो म्हणायचं मी!" तो हसला, पण चेहऱ्यावर रक्त चढलं. "कुंपण पडलंय म्हणून मोजत होतो. तारेचा अंदाज काढायला. पोरं माझ्या वाडीत येऊन केळफुलं तोडतात."

"हार्दिकचं कुटुंब तुझ्याच चाळीत भाड्याने राहतं ना?"

"राहतं. मग?"

"आठ मुलांची उत्तरं कुणीतरी खोडली. तुझ्या भाडेकरूच्या मुलाची सोडून."

आलोशियसचं हसू गेलं. तो उठला. मग घरात जाऊन एक जुनं पुस्तक घेऊन आला. बाईंनीच बक्षीस दिलेलं, पाढे पाठ केल्याबद्दल.

"बाई, शाळा बंद पडली तर मला जागा मिळेल, हे खरं. दोघं बिल्डर येऊन गेले, तेही खरं. रोज माझ्या मनात येतं, तेही खरं, खोटं कशाला बोलू? पण समजा मी चोरासारखा आत शिरलो. मला सांगा, मी काय लिहिलं असतं? मला वजाबाकी येते कुठे?"

बाई उठल्या. आलोशियस विनोद करत होता, पण परतीच्या वाटेवर त्या वाक्याने त्यांची पाठ सोडली नाही. काय लिहिलं असतं?

४

शुक्रवारी त्या परत ढाकण्यांकडे गेल्या.

"ढाकणेसाहेब, मला धोरण समजावून सांगा. मी जुन्या काळची. आमच्या वेळी तपासणीला दिपोटी साहेब यायचे. घोडागाडीतून नाही, एसटीतून. मुलाला जवळ घ्यायचे, विचारायचे, बाळ, बावन्न केळी होती, सत्तावीस विकली, किती उरली? मूल सांगायचं. संपली तपासणी."

"आता तसं न्हाई बाई." ढाकण्यांनी खुर्ची मागे ढकलली. "आता फरक मोजतात. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटाला एक. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढी शाळेची प्रगती. गेल्या वर्षी दुसरीची झाली. तुमच्या सुपारआळीच्या पोरांना सुरुवातीलाच सतरा-अठरा मिळाले. शेवटाला एकोणीस. प्रगती किती? दीड. शेरा काय आला? प्रगती नगण्य."

"मुलांना आधीच येत होतं म्हणून?"

"तसा रकाना न्हाई बाई." ढाकणे पहिल्यांदाच अवघडले. "तुमच्या शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेनं सुरुवातीला तीन दाखवले, शेवटाला पंधरा. त्यांना प्रशस्तिपत्रक. आणि सलग दोन वर्षं प्रगती नगण्य आली की शाळा समायोजनाच्या, म्हणजे बंद करायच्या यादीत."

"हे तुम्ही शिक्षकांना सांगितलंत?"

"जूनच्या बैठकीत. तोंडी."

"काय सांगितलंत? शब्द सांगा."

ढाकणे खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हटलं, सुरुवात फार वर दाखवू नका. जिना चढायचाय, तर खालच्या पायरीवर उभं राहा. सगळेच सांगतात बाई. मला वरून सांगितलं, मी खाली सांगितलं. लेखी कुठंच न्हाई."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्ये वरचे साहेब बदलले. नवं परिपत्रक. प्रगती राहू द्या, म्हणे, सुरुवातीच्या चाचणीतच जे खाली आहेत ते बंद करा." ढाकण्यांनी हात पसरले. "तवर गठ्ठे गेले होते."

म्हणजे ज्याने कुणी उत्तरं खोडली, त्याने शाळा बुडवण्यासाठी खोडली नव्हती.

वाचवण्यासाठी खोडली होती.

५

त्या संध्याकाळी चर्चमध्ये अँजेलसची, तिन्हीसांजेच्या प्रार्थनेची घंटा झाली, दिवा लावला, आणि क्लेमेंटीनबाईंनी उतरवून आणलेला कागद पुढ्यात घेतला. आलोशियसचा प्रश्न मनात होताच.

खोडणाऱ्याने काय लिहिलं होतं?

प्रीतल: बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस. उसना न घेता लहान आकडा मोठ्यातून काढलेला. सातातून दोन गेले पाच.

एलिना: अडतीस अधिक पंचवीस, पाचशे तेरा. हातचा वर न नेता तेरा अख्खे खाली लिहिलेले.

सुझान: चौदा वजा पाच, दहा. बोटं मोजताना चौदालाच पहिलं बोट धरलेलं.

जॉयल: उत्तर त्रेसष्ट, लिहिलंय छत्तीस. आकडे उलटे.

बाईंचा हात थांबला. परक्याने चूक लिहायची तर तो मनाला येईल तो आकडा लिहील. ह्या चुका तशा नव्हत्या. ही मुलं अशीच चुकायची. आता नाही, पहिली-दुसरीत असताना. हातच्याने एलिनाला सहा महिने रडवलं होतं. सुझानची बोटं बाईंनी स्वतः एका शनिवारी सरळ केली होती. प्रत्येक मुलाच्या पत्रिकेवर त्याची स्वतःची, मागे टाकलेली चूक परत आणून बसवली होती.

हे कुणाला ठाऊक असणार? चुरीसरांना चौदा महिन्यांत नावंच पाठ झाली होती, आणि ते आले तेव्हा ही मुलं दुसरीत, दुसऱ्या खोलीत होती. आलोशियसला नाही. कार्मिनला नाही. ढाकण्यांनी तर या मुलांची तोंडंही पाहिली नव्हती.

आणि हार्दिक? तो जूनमध्ये आला. त्याच्या जुन्या चुका कुणालाच माहीत नव्हत्या. ज्या हाताने इतरांच्या पत्रिका खोडल्या, त्या हाताला हार्दिकसाठी खोटी चूक रचता आली नाही. नुसता कुठला तरी आकडा लिहायचा, हे त्या हाताच्या स्वभावातच नव्हतं.

रबराचा भुगा बारक्या बाकापाशी होता. मोठं माणूस बारक्या बाकावर कशाला बसेल? त्या शाळेत एकच बसत होतं.

बाईंनी चष्मा काढला. केंद्रप्रमुख असताना त्यांनी पंधराही शाळांत एक रीत घातली होती. प्रत्येक शिक्षकाने चुकांची वही ठेवायची. एका मुलाला एक पान. मूल कुठे आणि कसं चुकतं ते लिहायचं, चूक सुटली की तिच्यावर रेघ मारून तारीख घालायची. बाई निवृत्त झाल्यावर चौदा शाळांनी ती वही अडगळीत टाकली. एकीने ठेवली.

ती वही बाईंनीच शिकवली होती. ते अक्षरही त्यांनीच वळवलं होतं.

६

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई प्रिसिलाच्या घरी गेल्या. दारात पाऊल टाकायच्या आधीच प्रिसिला वही घेऊन बाहेर आली.

"काल वाट बघत होते बाई. म्हटलं, शुक्रवारपर्यंत कळेल तुम्हाला. एक दिवस उशीर झाला."

"माझं वय झालं," बाई म्हणाल्या. "बस."

दोघी ओटीवर बसल्या. आतून प्रिसिलाच्या सासूने कोण आलंय म्हणून विचारलं. प्रिसिलाने 'बाई' एवढंच सांगितलं.

"गेल्या वर्षी बैठकीत मला उभं केलं," प्रिसिला म्हणाली. "ऐंशी शिक्षकांपुढे. प्रगती नगण्य. मी म्हटलं, सर, माझ्या पोरांना आधीच येतं. सगळे हसले. यंदा परत तसंच झालं असतं तर यादीत नाव. मग मी पोरांना खाली आणलं. वर्षाच्या शेवटी ती आपोआप वर गेली असती. त्यांना यायचंच तर होतं सगळं!"

"हार्दिकचं का नाही खोडलं?"

"बसले होते पेन्सिल घेऊन. पंधरा मिनिटं. तो कुठे चुकतो तेच मला माहीत नाही. त्याच्या नावाचं पान कोरं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काहीतरी लिहायचं म्हणजे… मूल असं चुकत नाही ना, बाई. तुम्हीच सांगायचात."

"सोमवारी सुनावणी आहे. मी खरं सांगितलं तर शाळा वाचेल. मुलांची खरी उत्तरं खाली दिसतात अजून."

"आणि माझी नोकरी?"

नवऱ्याचं काम सुटलेलं, सासू अंथरुणाला खिळलेली, हे बाईंना माहीत होतं. प्रिसिलाने वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सांगा बाई. पुरावा लागेल ना? हा घ्या. शाळा वाचू दे."

७

सोमवारी बाई नऊही मुलांना घेऊन गेल्या. आलोशियसने स्वतःचा टेम्पो दिला. मुलं कार्यालयाच्या व्हरांड्यात ओळीने बसली. गणवेश इस्त्रीचे, तेल लावलेले केस.

आत सुनावणी अधिकारी, कमी वयाच्या, समंजस चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी क्लेमेंटीनबाईंना खुर्ची दिली, सगळं नीट ऐकलं. उत्तरपत्रिका उजेडात धरून पाहिल्या. वहीची पानं उलटली आणि एकदा मनापासून म्हणाल्या, "किती सुंदर काम आहे हे."

प्रिसिला भिंतीला टेकून उभी होती. "मीच केलं, मॅडम," ती म्हणाली. ढाकणे तिच्याकडे न बघता कागद चाळत राहिले. जूनच्या बैठकीबद्दल विचारल्यावर म्हणाले, "अशी कुठली सूचना कार्यालयाच्या नोंदीत न्हाई."

अधिकारी बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. उत्तरपत्रिकेत फेरफार आढळल्यास त्या वर्गाचा निकाल रद्द समजावा. रद्द निकाल म्हणजे शून्य गुण. शून्य गुण म्हणजे 'ड'.

"म्हणजे खोटं धरलं तरी 'ड', आणि खरं धरलं तरी 'ड'?" क्लेमेंटीनबाई उभ्या राहिल्या. "ठीक आहे. कागद राहू द्या. मुलं बाहेर बसलीयत. दार उघडा, एकेकाला बोलवा, विचारा बावन्नातून सत्तावीस गेले किती. दोन मिनिटं लागतील."

अधिकारी बाईंनी दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून प्रीतलचा एक डोळा आत बघत होता.

"आजी, मला कळतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तशी तरतूद नाही."

व्हरांड्यातून प्रीतलचा आवाज आला. "पंचवीस!"

शिपायाने दार ओढून घेतलं.

८

सुपारआळीची शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडली नाही.

प्रिसिला रुमाव निलंबित झाली. अकरा महिन्यांनी तिला परत घेतलं, पण डोंगराकडच्या एका पाड्यावर, घरापासून चार तासांच्या वाटेवर. ती आठवड्यातून एकदा घरी येते. वही ठेवत नाही.

आत्माराम चुरी ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांच्या निष्कलंक सेवेचा उल्लेख झाला. शत्रुघ्न ढाकणे यांना बढती मिळाली. वरचे साहेब पुन्हा बदलले आणि परत फरक मोजायला लागले. शाळांची प्रगती कशी मोजावी, यावर ढाकणे आता प्रशिक्षण देतात.

कार्मिन आगाशीच्या बाजारात परत मासळी घेऊन बसते. हार्दिकचे आईवडील नायगावच्या नव्या टॉवरांकडे राहायला गेले. तो तिथल्या शाळेत पहिला येतो की शेवटचा, इकडे कुणाला ठाऊक नाही. आलोशियसला अकरा गुंठे मिळाले. वर्षभर त्याने जागेला हात लावला नाही. मग लावला. आता तिथे लग्नाचा हॉल आहे, आणि बाईंना पाहिलं की आलोशियस रस्ता बदलतो.

प्रीतल आणि बाकीची मुलं रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत गेली. पुढच्या जुलैत प्रीतल एका शनिवारी क्लेमेंटीनबाईंच्या ओटीवर आली. त्या दिवशी तिची वर्षारंभीची चाचणी झाली होती.

"सोपी होती?" बाईंनी विचारलं.

"एकदम सोपी. पण टीचर आधीच बोलल्या, पहिल्या परीक्षेत सगळं बरोबर नाय करायचं, थोडं चुकवा." प्रीतल पायरीवर पाय हलवत बसली होती. "बाकीच्या पोरांना कसं चुकवायचं तेच समजेना. मला येत होतं. मी माझी जुनी चूक लिहिली. बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस."

तिने बाईंकडे मान वर करून पाहिलं.

"बरोबर केलं ना, बाई?"

बाईंच्या हातात शेंग होती. ती त्यांनी सोललीच नाही.